मलेरियाची गोळी आणि काळी लघवी

पावसाळ्यात घोडपदेवच्या माझ्या दवाखान्यात व्हायवॅक्स मलेरियाचे रुग्ण येतातच. यकृतात दडलेले जंतू मारायला १४ दिवस प्रायमाक्विन लागते. एका तरुणाला मी ते चाचणी न करताच दिले. चूक माझीच. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे, लघवी काळ्या चहासारखी. रक्त चढवावे लागले. त्याच्या तांबड्या पेशींत जीसिक्सपीडी हे एन्झाइम कमी होते. मुलाला हा दोष आईकडून येतो. जगात सुमारे ४० कोटी लोकांत तो आहे, आपल्याकडे पारशी समाजात जास्त. गंमत म्हणजे तो मलेरियापासून थोडे संरक्षणही देतो, म्हणूनच मलेरियाच्या देशांत टिकला. तेव्हा प्रायमाक्विनआधी ही रक्तचाचणी मागून घ्या. लघवी काळी दिसली, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. त्या तरुणाच्या भावाचीही चाचणी मी करवली. त्यालाही हाच दोष निघाला.