पाहिलेलें आणि गिरविलेलें

उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा भरल्या, कीं मुलांच्या मागें दोन कामें लागतात: सुट्टींतील अनुभवांवर निबंध आणि चित्रकलेचा प्रकल्प. या दोहोंचा परस्परांशीं कांहीं संबंध असावा, असें मात्र क्वचितच कोणास वाटतें.

माझ्या मुलाची बदली डहाणू तालुक्यांत झाल्यामुळें नातीची सुट्टी यंदां तिकडेच गेली. तेथें एका वारली लग्नघरीं गेरूनें सारविलेल्या कुडावर सवाशिणी तांदळाच्या पिठांत बांबूची काडी बुडवून लग्नाचा चौक लिहीत होत्या. पोर दोन प्रहर तेथून हालली नाहीं.

पुढें शाळेंत प्रकल्प आला तोही वारली चित्राचाच. तिनें चौक लिहिणाऱ्या त्या बायकाच काढिल्या. परंतु छापील नमुन्यांतील तारपा-नृत्याचें वर्तुळ त्यांत नाहीं, म्हणून गुण कापले गेले. "आजोबा, मी पाहिलेलें चुकीचें का हो?" असें तिनें मला विचारिलें.

मुळीच नाहीं. ही कला मूळची त्या सवाशिणींचीच. जिव्या सोमा म्हसे यांनीं ती भिंतीवरून कागदावर आणिली व २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. पण तेही आपल्या भोंवतालचें जीवनच रेखाटीत.

नैयायिकांनीं प्रत्यक्ष हें पहिलें प्रमाण मानिलें आहे. शाळेनें तें शेवटचें मानूं नये. मुलाच्या चित्रास गुण देण्यापूर्वीं "हें तूं कोठें पाहिलेंस?" एवढें तरी शिक्षकांनीं आणि घरच्या वडीलधाऱ्यांनीं अवश्य विचारावें.