यकृतबाईंची खाणावळ

उपास या विषयावर मराठी माणसाला कोणी काही शिकवायला जाऊ नये. आठवड्याचे सात वार, त्यांतले निदान चार कुठल्या ना कुठल्या देवाच्या खात्यावर. शिवाय महिन्याच्या दोन एकादश्या, एक संकष्टी, आणि श्रावण आला की घाऊक. इतके उपास करूनही हा समाज वजनाने हलका झाल्याचं कोणाच्या पाहण्यात नाही. कारण उघड आहे. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपल्या पूर्वजांनी काही उगाच केलेली नाही.

त्यात गंमत अशी की उपासाच्या ताटात जे जे असतं, म्हणजे साबुदाणा, बटाटा, रताळं, शेंगदाणा आणि वर मिरची, ते ते सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. ज्ञानेश्वरमाउलींच्या काळात वारकऱ्याला एकादशीला साबुदाण्याची खिचडी कोणी देऊ म्हटलं असतं तरी देता आली नसती. आमच्या घरातलं सर्वांत परदेशी जेवण कुठलं, तर उपासाचं. पण आजीला हे सांगायची कोणाची छाती झाली नाही.

हे सगळं आठवायचं कारण आमचा भाचा. तो लोअर परळला एका उंच काचेच्या इमारतीत नोकरीला आहे. पूर्वी तिथे गिरणी होती. आता तिथे लिफ्ट आहे, आणि लिफ्टमध्ये गाणी लागतात. (या भागाला बिल्डर लोक 'अप्पर वरळी' म्हणू लागले आहेत. लोअरचं अप्पर करायला सिमेंट लागत नाही, जाहिरात पुरते.) तर हा भाचा परवा घरी आला आणि पोळीकडे पाहून म्हणाला, "मामा, नको. मी किटोसिसमध्ये आहे."

हे त्याने अशा थाटात सांगितलं की मला वाटलं किटोसिस हे खंडाळ्याच्या पुढचं एखादं थंड हवेचं ठिकाण असावं.

"म्हणजे तू जेवणार नाहीस?"

"जेवणार ना! पनीर द्या, अंडी द्या, लोणी द्या. फक्त पोळी, भात, साखर, बटाटा नको."

मग त्याने कॉफीत लोण्याचा गोळा टाकला. लोणी खाण्याच्या बाबतीत आपल्याकडे थेट गोकुळापासूनची परंपरा आहे, पण कॉफीत बुडवून खाल्ल्याचा दाखला माझ्या तरी वाचनात नाही.

आता भाच्याची थट्टा करायची तर विषय समजला पाहिजे, म्हणून मी थोडं वाचलं. ते जे वाचलं त्याने थट्टा बाजूलाच राहिली.

आपला मेंदू वजनाने शरीराच्या दोन टक्के, पण स्वस्थ बसल्याबसल्या शरीराच्या एकूण ऊर्जेतली वीस टक्के एकटा फस्त करतो. घरोघरी असा एक असतोच. शिवाय चोखंदळ! चरबी त्याला चालत नाही, ग्लुकोज हवं. ते यकृत आपल्या साठ्यातून पुरवतं, पण तो साठा साधारण शंभर ग्रॅमचा. जेवण बंद झालं की दिवसाभरात डबा खडखडीत. मग काय करायचं? स्नायू मोडून त्यांतून ग्लुकोज करता येतं, पण तेच करत बसलं तर दोन-तीन आठवड्यांत माणूस आटोपला. म्हणून यकृत दुसरी युक्ती करतं. चरबी घेऊन तिचे छोटे, रक्तात विरघळणारे तुकडे पाडतं आणि ते मेंदूकडे, हृदयाकडे, स्नायूंकडे धाडतं. हेच केटोन. संख्येने तीन : अॅसिटोअॅसिटेट, बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट आणि अॅसिटोन. त्यांतला मधला रसायनशास्त्राच्या काटेकोर नियमाने केटोनच नव्हे. पण घरात वाढला म्हणून आडनाव लावतो.

आणि यातली खरी बहार पुढेच आहे. हे केटोन बनवणारं यकृत स्वतः ते खाऊ शकत नाही. त्यांचा वापर करायला जे एन्झाइम लागतं, ते नेमकं यकृतातच नाही. अख्ख्या शरीराला वाढायचं, आणि स्वतः मागच्या बाजूला जे असेल त्यावर भागवायचं. हे वाचलं आणि मला डिलाइल रोडवरच्या खाणावळवाल्या बायका आठवल्या. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत वीस-वीस गिरणी कामगारांना दोन पाळ्यांत जेवू घालून, शेवटी पातेल्याच्या तळाशी उरलेल्या आमटीत भाकरी कुस्करून खाणाऱ्या.

मेंदू केटोनवर चालतो हे सिद्ध झालं ते फार उशिरा, १९६७ साली. अमेरिकेत बॉस्टनला ऑलिव्हर ओवेन आणि जॉर्ज केहिल यांनी पाच-सहा आठवडे उपाशी राहिलेल्या तीन लठ्ठ रुग्णांच्या मेंदूत जाणारं आणि तिथून परतणारं रक्त तपासलं. मेंदूने ग्लुकोज बरंचसं बाजूला सारून मुख्यतः केटोनवर प्रपंच चालवला होता. तोपर्यंत केटोन म्हणजे मधुमेह्याच्या लघवीत सापडणारी घाण, एवढीच त्यांची कीर्ती.

आता आपल्याकडे याआधीच एका माणसाने हा प्रयोग स्वतःवर वारंवार केला होता, तेही शास्त्रासाठी नव्हे. १९४३ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींनी एकवीस दिवसांचा उपास केला, १० फेब्रुवारी ते ३ मार्च. वय त्र्याहत्तर. पोटात फक्त पाणी आणि त्यात थोडा फळांचा रस. देहावर चरबी ती किती! तरी तरले. पुढे जानेवारी १९४८ मध्ये दिल्लीच्या शेवटच्या उपासात डॉक्टरांनी त्यांना सांगितलं की लघवीत अॅसिटोन दिसतं आहे. त्यावर बापूंनी, आपली रामावरची श्रद्धा कमी पडते आहे, असा त्याचा अर्थ लावल्याचं नमूद आहे. डॉक्टरांनी यात रामाचा संबंध नाही हे पटवण्याचा प्रयत्न केला. बापूंच्या श्रद्धेबद्दल मी पामराने काय बोलावं, पण त्यांच्या यकृताची श्रद्धा मात्र अखेरपर्यंत अढळ होती.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. तो खूश झाला आणि खिशातून एक पट्टी काढून दाखवली. लघवीत बुडवायची, जांभळी झाली की केटोन आले. त्याची गडद जांभळी झालेली होती. परीक्षेत पहिला आल्यासारखा तो ती मिरवत होता.

तो जांभळा रंग पाहून मला आमच्या चाळीतली एक मुलगी आठवली.

१९७६ची गोष्ट. मी कॉलेजात होतो. पलीकडच्या खोलीतली ही नऊ वर्षांची पोर एकाएकी वाळायला लागली. माठ एकटी रिकामा करायची. चाळीने निदान केलं. कोणी म्हणालं जंत, कोणी दृष्ट, कोणी "अंगाने वाढतेय हो." मग एके दिवशी ओकाऱ्या, आणि धापा टाकल्यासारखा खोल श्वास. तिच्या तोंडाला पिकल्या फळासारखा गोडसर वास येत होता. आम्हाला वाटलं, एकटीने काहीतरी खाल्लंन. चाळीतल्या संडासांमुळे आमची नाकं लहानपणीच निवृत्त झाली होती. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचं नाक मात्र शाबूत होतं. त्यांनी नुसतं वाकून हुंगलं आणि ओरडले, "टॅक्सी बोलवा!"

भाच्याच्या रक्तातले केटोन आणि तिच्या रक्तातले केटोन एकच. फरक इन्शुलिनचा. उपाशी माणसाच्या अंगातही थोडं इन्शुलिन असतं, आणि ते नळ फार सुटू देत नाही. तिच्या अंगात ते संपलंच होतं, त्यामुळे नळ पूर्ण उघडा, आणि रक्त आंबत चाललेलं. टोरांटोत १९२२च्या जानेवारीत लेनर्ड थॉम्प्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला जेम्स कॉलिप या जीवरसायनशास्त्रज्ञाने शुद्ध केलेलं इन्शुलिन टोचलं आणि त्याच्या लघवीतले केटोन नाहीसे झाले. चौपन्न वर्षांनी तेच औषध परळच्या इस्पितळात आमच्या चाळीतल्या पोरीला मिळालं. ती आठव्या दिवशी घरी आली.

मग सुरू झाला संसार. काचेची सिरिंज रोज उकळायची. निळ्या द्रावणात लघवीचे थेंब टाकून स्टोव्हवर तापवायचं. हिरवं झालं तर बरं, विटकरी झालं तर आईचा चेहरा उतरायचा. फ्रिज कोणाकडे? इन्शुलिनची बाटली माठाच्या गारव्याला ठेवलेली.

वडील गिरणीत साचेवाले. १८ जानेवारी १९८२ला संप झाला आणि पगार थांबला. इन्शुलिनला संप करता येत नव्हता. त्या वर्षी तिची बाटली कोण आणत होतं हे कोणी कधी बोललं नाही. पण समोरच्या खाणावळवालीने उधारीची वही बंद करून ठेवली होती आणि तिच्या हातातल्या पाटल्या गणपतीपर्यंत दिसेनाशा झाल्या होत्या, एवढं मला आठवतं.

ती मुलगी आता डोंबिवलीला असते. साठीला टेकली आहे. गेल्या रविवारी ती आली तेव्हा भाचा इथेच होता. त्याने तिलाही पट्टी दाखवली.

तिने चष्मा लावून पाहिलं. "किती दिवस झाले रे?"

"तीन आठवडे, मावशी."

"डॉक्टरला विचारलंस?"

"व्हिडिओ पाहिलेत."

"साखरेची गोळी-बिळी काही चालू आहे का तुला? काही गोळ्यांबरोबर हे असलं भलतं अंगाशी येतं. उद्या जाऊन विचार. उद्या म्हणजे उद्या."

तिने ते अशा आवाजात सांगितलं की भाच्याने मुकाट्याने मान हलवली. मग तिने सवयीने पर्समधून ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा काढून त्याच्यापुढे ठेवला. भाच्याने पुड्यामागचे कर्बोदकांचे आकडे वाचले, तोंडातल्या तोंडात बेरीज केली आणि पुडा माझ्याकडे सरकवला. चहा झालेलाच होता.