'डिफरंट'पुढची गाळलेली जागा

आम्ही दोघंही शिक्षक. दोघांची मिळून साठेक वर्षं वाशिम जिल्ह्यातल्या शाळांमध्ये गेली. एक मराठी शाळेत इंग्रजी शिकवायचा, दुसरी उर्दू शाळेत मराठी. त्यामुळे घरी वह्यांचे दोन गठ्ठे यायचे आणि रात्रीच्या जेवणानंतर एकमेकांच्या गठ्ठ्यातल्या चुका वाचून हसण्यात वेळ जायचा. या लेखात 'आम्ही' म्हणू ते या दोघांचं. मोठेपणाचं नव्हे.

इंग्रजीच्या पेपरात एक वाक्य ठरलेलं असायचं. गाळलेल्या जागा भरा: 'माय हाऊस इज डिफरंट... युअर्स.' निम्मा वर्ग तिथे 'दॅन' लिहायचा. लाल पेननं ते खोडून वर 'फ्रॉम' लिहायचं आणि अर्धा गुण कापायचा, हे काम आम्ही वर्षानुवर्षं केलं. पोरांची चूक मराठीतून आलेली असायची. आपण 'तुझ्या घरापेक्षा माझं घर वेगळं' म्हणतो. 'पेक्षा' आला की 'दॅन' आपोआप येतो. मोठा, उंच, चांगला, त्याच रांगेत वेगळा. उर्दू शाळेतल्या पोरांचं आणखी निराळं. त्यांचा 'से' एकटाच दोन्ही कामं करतो, म्हणून ती कधी 'फ्रॉम' लिहायची, कधी 'दॅन'. नशिबावर.

निवृत्तीनंतर सवडीनं वाचताना कळलं, की 'फ्रॉम'च हवा, 'टू' चालणार नाही, या हट्टाला फाउलर नावाच्या इंग्रज भाषापंडितानं १९२६ सालीच अंधश्रद्धा ठरवून टाकलं होतं. इंग्लंडात 'टू' चालतो, अमेरिकेत 'दॅन'ही चालतो. किती पोरांचे किती अर्धे गुण आमच्याकडे थकले असतील, अल्लाह माफ करो.

तरीही 'फ्रॉम'शी आमचं जमतं. 'पेक्षा' आला की तराजू येतो, कोण कमी नि कोण जास्त. 'फ्रॉम' फक्त एवढंच विचारतो, वेगळे, पण कुणापासून?

मराठीत वेगळेपणा सांगायला शब्दांचा तोटा नाही. निराळा, भिन्न, वेगळा आहेतच. शिवाय फरक, तफावत, अलाहिदा, जुदा हे अरबी-फारसीतून आलेले. गोदामातल्या साठ्यात 'तफावत' लिहिणाऱ्या कारकुनाला तो शब्द परका वाटत नाही, वाटायचं कारणही नाही. त्यातल्या एका शब्दावर मात्र आमचा जीव अडकतो. 'गैर'. अरबीत त्याचा अर्थ दुसरा, वाचून, खेरीज. उर्दूत तो परका झाला. मराठीत आला आणि थेट चुकीचा झाला: 'हे वागणं गैर आहे.' दुसरा, परका, चुकीचा. शब्दाला एवढा प्रवास करायला शेकडो वर्षं लागली असतील, माणसाला एक संध्याकाळ पुरते. याच घरातला 'वगैरे' मात्र किती दिलदार. 'आणि त्याखेरीज इतर', म्हणजे जे कुणी राहिले असतील ते सगळे या.

वेगळं होणं वाईटच असतं असं नाही. १ जुलै १९९८ला वाशिम अकोल्यापासून वेगळा होऊन नवा जिल्हा झाला, तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले. आणि वेगळेपणाशिवाय गावंसुद्धा ओळखता येत नाहीत. मंगरूळ नावाची दोन गावं, एक आमच्या जिल्ह्यात, दुसरं अमरावती जिल्ह्यात. एकाला पीर लागला, दुसऱ्याला दस्तगीर. एसटीत चुकीच्या गाडीत बसायची भीती नाही. आमच्या मंगरूळला कुणी दादाहयात कलंदरांच्या दर्ग्यामुळे पीर म्हणतं, कुणी बिरबलनाथ महाराजांमुळे नाथ म्हणतं, कंडक्टर नुसतंच 'मंगरूळ' ओरडतो. कारंजा दोन, एक लाड आणि एक घाडगे. मालेगावही दोन. त्याचं पुढे सांगू.

इंग्रजीत 'डिफरंट'चा आणखी एक उपयोग आहे, तो आम्ही कधी नीट शिकवला नाही. 'डिफरंट पीपल' म्हणजे वेगळे लोक नव्हेत, वेगवेगळे लोक. मराठीत हा शब्द एकदा म्हटला की माणूस बाजूला पडतो आणि दोनदा म्हटला की सगळे एका ओळीत येतात. परवा नातीच्या वहीत तिच्या मैत्रिणींवरचा निबंध होता. त्यात वाक्य होतं, 'वी फोर आर डिफरंट', आणि पुढे पूर्णविराम. जुन्या सवयीनं हात लाल पेनकडे गेला. कुणापासून, असं विचारलं तर ती म्हणाली, ''कुणापासून नाही. आम्ही चौघी वेगवेगळ्या.'' पेन ठेवून दिलं.

आता ते घर. जिल्हा झाला त्याच वर्षी आम्ही वाशिमला राहायला आलो. भाड्याची खोली शोधत महिनाभर फिरलो. नाव सांगेपर्यंत खोली रिकामी असायची. शेवटी अकोला नाक्याच्या पुढे एका सज्जन गृहस्थांनी घर दिलं. माणूस खरोखर चांगला होता, हे आधीच लिहून ठेवतो. किल्ली देताना ते म्हणाले, ''सर, तुम्ही लोक वेगळे आहात. तुमचं मराठी ऐकलं आणि मनातलं सगळं गेलं.'' आम्हाला आनंद झाला. खोटं कशाला बोला? रात्री अंथरुणावर पडून आम्ही ते वाक्य एकमेकांना पुन्हा ऐकवलं. कुणापासून वेगळे, हे एकानंही विचारलं नाही. आयुष्यभर तीच गाळलेली जागा भरून घेणारे आम्ही.

मग आम्ही वेगळं राहायला लागलो. ओट्यावर मराठी पेपर पसरून बसायचं. घरातली बोली उंबऱ्याच्या आत ठेवायची. मुलानं बाहेर खेळताना 'अम्मी' म्हणून हाक मारली, तर एवढ्या मोठ्यानं कशाला ओरडतोस, म्हणायचं.

ईदच्या दुसऱ्या दिवशी गावाकडून मामू आले. पांढरी दाढी, चौकड्यांची लुंगी, डोक्यावर टोपी, हातात दुधाचा डबा. एसटी स्टँडपासून पायी आले होते. ओट्यावरच्या खुर्चीत बसून त्यांनी पाणी मागितलं. समोरून घरमालक येत होते. आमच्यापैकी एकजण म्हणाला, ''मामू, अंदर बैठो ना.'' कोण म्हणालं ते आठवत नाही, असं आम्ही दोघंही आजवर म्हणत आलो आहोत.

मामू म्हणाले, ''बाहर हवा अच्छी है रे.''

आम्ही काही बोललो नाही. त्यांनी एकदा आमच्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे. डबा उचलला आणि आत येऊन बसले. शीरखुर्मा खाल्ला, सगळ्यांची खुशाली विचारली. मुक्कामाला आलेला माणूस मंगरूळला दर्ग्यावर जाऊन येतो म्हणून चारच्या गाडीनं निघून गेला. आमचा मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता. दारात उभा राहून तो हे सगळं बघत होता.

त्याचा जन्म मालेगावचा, आजोळी. हे वाशिम जिल्ह्यातलं मालेगाव, कागदोपत्री मालेगाव जहांगीर. दुसरं नाशिक जिल्ह्यातलं, यंत्रमागाचं. तिथे ८ सप्टेंबर २००६ला, शबे-बरातच्या दिवशी, जुम्म्याच्या नमाजनंतर बडा कब्रस्तानात स्फोट झाले. मेले ते बहुतेक मुसलमानच. २९ सप्टेंबर २००८ला तिथेच पुन्हा स्फोट झाला. त्या साली मुलगा पुण्यात नोकरी शोधत होता. वर्ष संपता संपता त्याचा फोन आला, नोकरी लागल्याचा. मुलाखतीची गंमत म्हणून त्यानं सांगितलं, ''जन्मगाव बघून साहेब थांबले. म्हणाले, मालेगाव? मी लगेच म्हटलं, नो सर, डिफरंट मालेगाव. मग सगळे हसले.''

आम्ही फोनचा स्पीकर लावून ऐकत होतो. त्याच्या अम्मीनं हळूच विचारलं, ''बेटा, त्या मालेगावनं काय केलं होतं रे? तिथली तर माणसं मेली.''

पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग तो म्हणाला, ''अम्मी, नोकरी हवी होती.''

हा शब्द असा वापरायचा असतो, हे तो कुठल्या घरात शिकला, ते आम्हाला ठाऊक होतं. आम्ही त्याला मुबारकबाद दिली, जेवलास का विचारलं, आणि फोन ठेवला.