भटारखान्यांतील एक पैसा

उपाहारगृहांत जेवावयास बसलेल्या माणसास ताट दिसतें, भटारखाना दिसत नाहीं. भांडीं घासलेलीं होतीं काय, तेल कितव्यांदा तापलें, हें कळण्यास त्यास मार्ग नसतो. तरीहि तो निःशंकपणें पहिला घास घेतो. संगणकासाठीं प्रोग्रॅम लिहिणें हा आमचा व्यवसाय. तोहि एक भटारखानाच होय.

मित्रमंडळी बाहेर जेवून उठली, कीं बिलाची वांटणी करून देणारें एक लहानसें ॲप आम्हीं तयार केलें आहे. काम दिसावयास सोपें. बिल १००० रुपये, जेवणारे तिघे. प्रत्येकाचे ३३३ रुपये ३३ पैसे. परंतु तिन्ही वांटे मिळविले, तर ९९९ रुपये ९९ पैसेच होतात! उरलेला पैसा कोणीं द्यावा? शिवाय संगणक ० आणि १ या दोनच अंकांनीं गणित करतो. एक दशांश ही साधी संख्याहि त्या पद्धतीच्या अपूर्णांकांत तंतोतंत मांडतां येत नाहीं. म्हणून आम्ही सर्व रक्कम पूर्ण पैशांत धरतों. उरलेला पैसा बिल चुकतें करणाराच्या वांट्यास घालतों, आणि तसें स्पष्ट लिहितों.

ॲप लोकांच्या हातीं पडतें तें बहुधा ॲप स्टोअरमधून. ॲपलनें असें दुकान १० जुलै २००८ रोजीं सुमारें ५०० ॲप्स मांडून उघडलें. गूगलचें त्याच वर्षीं ऑक्टोबरांत आलें. तेथें ॲपची तपासणी होते, व ती योग्यच आहे. तथापि परीक्षकापुढें जातें तें वाढलेलें ताट. आमचा मूळ कोड त्याच्यापुढें नसतो. जमविलेली माहिती पुढें कोठें जाते, तेंहि त्यास प्रत्यक्ष पाहतां येत नाहीं.

हें ओळखूनच एक धनिक गृहस्थ आमच्याकडे आले. "तुमचें ॲप आम्ही विकत घेतों," ते म्हणाले, "मात्र जेवणारांच्या फोनमधील सर्व नांवें व क्रमांक आम्हांस मिळाले पाहिजेत. परवानगी विचारली, कीं लोक न वाचतांच होकार देतात." वांटणीस चार नांवें लागतातच, तेव्हां सबबहि तयार होती. त्यांनीं देऊं केलेल्या रकमेंत आमचें वर्षाचें घरभाडें भागलें असतें, आणि तिची आम्हांस गरज होती. परंतु तीन मित्रांच्या हिशेबांत त्यांच्या शेंकडों आप्तेष्टांस, त्यांच्या नकळत, आम्हीं कां ओढावें? आम्हीं नकार दिला. आमचें ॲप आजहि लहानच आहे. घरभाड्यासाठीं आम्ही दुसऱ्यांचीं कामें करतों.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कित्येक उद्यां हा व्यवसाय पत्कराल. उरलेला पैसा कोठें गेला, हें पुष्कळदां तुम्हांवांचून कोणासहि ठाऊक नसेल. तरी त्याचा हिशेब चोख ठेवा. आणि पालकांस आमची एवढीच विनंती, कीं नवें ॲप घेतांना तें काय मागतें, हें मुलांसह वाचून पाहावें. वाढप्यानें घराची किल्ली मागितली, तर आपण ती देऊं काय?