जितेशला घ्यायचं का? घ्या, पण पैसे खिशातच ठेवा

काल बसस्टँडजवळ चहा घेत होतो. ओळखीचा एक पोरगा जवळ आला न हळूच म्हणाला, "भाऊ, यंदा जितेशले लेऊ का?"

आयपीएल जवळ आली की हा प्रश्न मला येतोच. सवय मीच लावली. आपल्या बातम्यांच्या ग्रुपवर मॅचच्या दिवशी 'आजची टीम' टाकायचो ना!

तर आधी उत्तर देतो. जितेश शर्मा म्हणजे अमरावतीचा पोरगा. आरसीबीनं त्याला ११ कोटीत घेतला. २७ मे २०२५ ला लखनौत २२८ चं टार्गेट होतं, कप्तानही तोच होता. ३३ चेंडूंत नाबाद ८५ ठोकले. पुढं ३ जूनला फायनलमध्ये १० चेंडूंत २४ केले, आणि आरसीबीनं पहिल्यांदा कप उचलला.

एवढं ऐकलं की कोणीही त्याला फँटसी टीमचा कॅप्टन करेल, कारण कॅप्टनचे गुण डबल. पण हिशेब पूर्ण बघा. त्या सीझनच्या १५ मॅचमध्ये त्याचे रन २६१. बॅटिंग आली फक्त ११ वेळा. २६१ मधले ८५ एकाच रात्रीचे, म्हणजे बाकी दहा डावांत १७६. दोष त्याचा नाही, नंबरचा आहे. वरचे चालले तर याला चेंडूच मिळत नाहीत. त्याच टीमचा सॉल्ट फँटसीत कीपरच्याच खान्यात बसतो, पण ओपनिंगला येतो. त्याचे रन ४०३. जितेशला आधार ग्लोव्ह्जचा. कॅचला ८ गुण, स्टंपिंगला १२.

म्हणून माझं मत: टीममध्ये घ्या, कॅप्टन करू नका.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. लखनौच्या त्या रात्रीनंतर दोनच दिवसांनी, २९ मे ला, पंजाबविरुद्ध क्वालिफायर होता. मी जोशात ग्रुपवर टाकलं, 'आज डोळे झाकून कॅप्टन जितेश.' पंजाब १०१ वर ऑलआउट. आरसीबीनं १० ओव्हरमध्ये दोनच विकेट देऊन मॅच संपवली. सॉल्टनं नाबाद ५६ केले. जितेशनं पॅडही सोडले नसतील, बॅटिंगच आली नाही.

माझे गेले ४९ रुपये. तालुक्यातल्या एका पोरानं मात्र एका ॲपवर तीच टीम आठ-दहा ठिकाणी लावली होती. पैसे कपाशीच्या बियाण्याचे होते. चार दिवसांनी त्याचा बाप माझ्याकडे आला. भांडला नाही. एवढंच म्हणाला, "भाऊ, तुम्हीच लिखेल व्हतं ना?"

वीस वर्षं बातम्या लिहितोय. इतकं ओशाळल्यासारखं कधी झालं नाही.

पुढं २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही झाली आणि पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. ड्रीम इलेव्हननं पैशांच्या स्पर्धा बंद केल्या, टीम इंडियाच्या जर्सीवरूनही नाव गेलं. मोठं दुकान बंद झालं. पण माझ्याच फोनवर टेलिग्रामच्या लिंक अजून येतात: 'आयडी घ्या, पैसे लगेच.' या लोकांचा पत्ता नाही न ऑफिस नाही. पैसे अडकले तर तक्रार कोणाकडं करणार?

म्हणून काल त्या पोराला विचारलं, "फुकटवाला का पैसेवाला?" तो काही बोलला नाही. फोन खिशात टाकला न चहाचा ग्लास फिरवत बसला.

मंडळी, यंदाही टीम टाकेन. क्रिकेट आवडतं, त्यात पाप नाही. पण खेळ फुकटचाच. पहिला येईल त्याला चहा माझ्याकडून. आणि घरातल्या पोराला जितेशबद्दल विचारायचंच असेल, तर त्यासोबत हेही विचारा: पैसे लावतोस का रे?