पांढऱ्यावर पांढरं

गेले दोन महिने आमच्या घरात एकच विषय होता, बाथरूम! सूनबाई बाथरूम म्हणते, हे न्हाणीघर म्हणतात आणि माझ्या तोंडात अजून मोरीच येते. आता काम संपलंय, गवंड्याचा हिशेब झालाय, सिमेंटचा वासही गेलाय. तेव्हा म्हटलं, निवांत बसून लिहावं. तुमच्यापैकी कुणाकडे हे काम निघणार असेल तर उपयोग होईल, नाहीतर करमणूक तरी होईल.

मी वाईच्या वाड्यात वाढलेली. मागच्या पडवीत मोरी. खाली शहाबादी फरशी, कोपऱ्यात तांब्याचा बंब, शेजारी घंगाळ, भिंतीला चुना आणि त्यात किंचित नीळ. रंग कोणता, फिनिश कोणतं, असले प्रश्नच नव्हते. दिवाळीच्या आधी चुन्याचा हात फिरला की झालं. फरशी खडबडीत, त्यामुळे पाय रोवून उभं राहता यायचं. (शेवाळ धरायचं ती गोष्ट वेगळी. त्यासाठी आजी काथ्या आणि राख घेऊन बसायची.)

१९८६ साली कोथरूडला हा फ्लॅट घेतला तेव्हा खाली मोझॅक आणि भिंतीला तीन फुटांपर्यंत सहा इंची पांढऱ्या टाइल्स होत्या. बिल्डरनं दिलं ते घेतलं. पुढे २००७ मध्ये मुलानं हौसेनं सगळं बदललं. खाली पांढरं, भिंती पांढऱ्या, कमोड पांढरा, बेसिन पांढरं, आणि सगळं इतकं चकचकीत की तोंड दिसावं. पाहुणे आले की मी मुद्दाम दार उघडं ठेवायचे, खोटं कशाला बोलू!

त्याच बाथरूममध्ये २०२५च्या जानेवारीत हे पडले.

नशीब, हाड मोडलं नाही. कपाळाला तीन टाके आणि मनगट मुरगळलेलं, एवढ्यावर निभावलं. पण दाराला आतून कडी होती, दार आत उघडणारं आणि हे नेमके दाराला टेकून पडलेले. मी बाहेरून हाका मारतेय, आतून नुसतं "थांब, थांब" ऐकू येतंय. सरकत सरकत त्यांनीच शेवटी कडी काढली. त्या पाच-दहा मिनिटांत मी किती देवांना नवस बोलले ते मलाच आठवत नाही.

त्या दिवसापासून घरात कायदा झाला, बाबांनी कडी लावायची नाही. मुलानं सांगितलं, सुनेनं सांगितलं, मीही सांगितलं. हे काही बोलले नाहीत. पण हळूहळू माझ्या लक्षात आलं की आंघोळीची वेळ बदलली आहे. सूनबाई कामाला गेली, नात शाळेत गेली, मोलकरीण येऊन गेली की मग हे उठायचे. रविवारी सगळी घरात असली की "आज अंग पुसून घेतो" म्हणायचे. जन्मभर पहाटे साडेपाचला कडकडीत पाण्यानं आंघोळ करणारा माणूस! मला ते टाक्यांपेक्षा जास्त लागलं.

ह्यांना आठ वर्षं काचबिंदू आहे. थेंब चालू आहेत, नियमित तपासणी असते. पुढच्या वेळी गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बाथरूमच्या फरशीचा रंग कोणता?" मला वाटलं, सहज चौकशी करतायत. मग त्यांनी समजावून सांगितलं. काचबिंदूत कडेचं दिसणं कमी होतं हे आपल्याला माहीत असतं. पण त्याबरोबर जवळजवळच्या छटा वेगळ्या ओळखणंही जड जातं. पांढऱ्या फरशीवर पांढरा कमोड ठेवला तर तो कुठे सुरू होतो ते नीट कळत नाही. त्यात चकचकीत टाइल्सवर ट्यूबचा उजेड पडला की डोळे दिपतात. सांडलेलं पाणी तर दिसतच नाही.

मी रिक्षात बसून घरापर्यंत गप्प होते. अहो, पस्तीस वर्षं फळ्यावर लिहिलं मी! लाल खडू हातात कितीही छान दिसला तरी काळ्या फळ्यावर तो बुडतो, म्हणून महत्त्वाचं ते पिवळ्यानं लिहायचं, हे मीच नव्या शिक्षकांना सांगायचे. शेवटच्या बाकावरच्या मुलाला दिसलं नाही तर चूक मुलाची नव्हे, फळ्याची. आणि माझ्याच घरात मी पांढऱ्या फळ्यावर पांढऱ्या खडूनं लिहून ठेवलं होतं.

तेव्हा ठरलं, बाथरूम पुन्हा करायचं.

टाइल्सच्या दुकानात गेलात कधी अलीकडे? बहुतेक माल गुजरातेतल्या मोरबीचा, आणि नमुने इतके की साडीचं दुकान बरं! सगळं कोरडं, वरून दिव्यांचा झोत, आणि आपण चपला घालून उभे. तिथे कुठलीही टाइल छानच दिसते. मी घरून पाण्याची बाटली आणि साबणाची वडी नेली होती. निवडलेल्या टाइल्स जमिनीवर मांडायला लावल्या, साबणाचं पाणी ओतलं आणि मुलाचा दंड घट्ट धरून अनवाणी पाऊल घासून बघितलं. दुकानातला पोरगा आधी हसला, मग त्यानंच आणखी दोन नमुने आणून दिले. चकचकीतवर पाय सर्रकन गेला. मॅटवर थांबला.

रंगाचं मात्र अवघड गेलं. मला मनापासून हवा होता विटेसारखा लाल, आणि त्याच्या शेजारी पानासारखा हिरवा. वाड्याच्या अंगणाची आठवण म्हणा हवं तर. मुलानं एक युक्ती केली. दोन्ही टाइल्स शेजारी ठेवून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढला. काय सांगू, दोन्ही एकसारख्या करड्या! कुठली लाल आणि कुठली हिरवी, मलाही सांगता येईना. म्हणजे रंग वेगळा असून भागत नाही, एक गडद आणि एक फिका असावा लागतो. लाल खडूचाच धडा पुन्हा.

शेवटी ठरलं ते असं. जमिनीला गडद करड्या मॅट टाइल्स, एक फूट बाय एक फूट. मोठ्या टाइल्सची फॅशन आहे, पण गवंडी म्हणाला की लहान असल्या तर जाळीकडे उतार नीट देता येतो, आणि सांधे जास्त म्हणून पायालाही आधार मिळतो. भिंती बदामी, त्याही बिनचमकीच्या. कमोडच्या मागचा पट्टा तेवढा विटकरी, त्यावर पांढरा कमोड दारातूनच उठून दिसतो. (माझा हट्ट निम्मा तरी पुरा झाला.) नक्षी कुठेही नाही. जमिनीवरची गडद फुलं अधू डोळ्यांना खड्ड्यासारखी वाटू शकतात. काळी फरशी मी नको म्हटलं, कारण आमच्याकडे बोअरचं जड पाणी येतं आणि काळ्यावर त्याचे पांढरे डाग लगेच दिसतात.

मॅटलाही खोड आहेच. साबणाचा थर चिकटतो. आमच्या कामाच्या मावशींनी नमुना बघून नाक मुरडलं, "ह्याला रोज ब्रश लागंल, आजी." खरंय. म्हणून फार खरखरीत न घेता मधली घेतली आणि लांब दांड्याचा ब्रश आणला. दर रविवारी तो मुलाच्या हातात असतो, हे आधीच कबूल करून घेतलंय!

खरी लढाई झाली ती दांडीवरून. कमोडशेजारी आणि नळापाशी आधाराच्या दांड्या हव्यात, असं मी म्हटलं. हे उसळले, "घराचा दवाखाना करणार आहेस का?" दोन दिवस अबोला. मग मी म्हटलं, "अहो, टॉवेलची दांडी तरी चालेल ना?" ती चालली. टॉवेलची साधी दांडी माणसाचं वजन पेलत नाही, म्हणून आणली आधाराचीच, जाड, काळ्या रंगाची, आणि विटांत खोलवर पक्की बसवली. गवंडी भोकं पाडत असताना हे बघत उभे होते. म्हणाले, "टॉवेल फारच जड झालाय हल्ली." मी म्हटलं, "हो ना, ओला झाला की होतो." दोघंही हसलो. पण तिच्यावर टॉवेल टाकते मी आठवणीनं.

शेवटची गोष्ट दाराची. आता ते बाहेर उघडतं, आणि आतली कडी अशी आहे की वेळ पडली तर बाहेरच्या खाचेत नाणं घालून फिरवता येते. ही कडी मी एकटी जाऊन आणली. मुलाला सांगितलं, जुना कायदा रद्द.

काम संपल्यावर पहिल्या रविवारी घर भरलेलं होतं. मी पोह्यांसाठी कांदा चिरत होते. हे टॉवेल खांद्यावर टाकून आत गेले आणि कडी लागल्याचा आवाज आला. मग बादलीत पाणी पडल्याचा. मुलगा पेपरातून मान वर काढून माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "तू पेपर वाच."

असो. तुमच्या घरी कुणी सत्तरीच्या पुढचं असेल तर आज रात्री एक करा. बाथरूमचा दिवा लावा, आपला चष्मा काढा आणि नुसते दारात उभे राहा. फरशी कुठे संपते आणि कमोड कुठे सुरू होतो, ते दिसतंय का बघा. नाही दिसलं तर टाइल्सच्या दुकानात जाताना साबणाची वडी न्यायला विसरू नका!