दोरू नदीकाठचा सांजाव

२३ जूनची सकाळ. पोर्तोच्या साव बेंतु स्थानकात गाडीतून उतरलेली माणसं दरवाज्याकडे जायचं सोडून माना उंचावून उभी राहतात. समोरच्या भिंती निळ्या-पांढऱ्या टाइल्सनी मढवलेल्या आहेत. जोर्जे कोलासू या चित्रकारानं सुमारे २०,००० टाइल्सवर पोर्तुगालचा इतिहास रंगवला. एका चित्रात १४१५ ची सेउता मोहीम आहे. तीत लढलेला राजपुत्र एन्रिक १३९४ मध्ये याच शहरात जन्मला. त्या आरमाराला पोर्तोकरांनी सगळं मांस देऊन टाकलं आणि स्वतःसाठी फक्त वजडी ठेवली, अशी इथली आख्यायिका आहे. घेवड्यासोबत शिजवलेली वजडी आजही खाणावळींत अभिमानानं वाढतात.

आफ्रिकेतल्या सेउतापासून सुरू झालेली वाट पुढे १५१० मध्ये गोव्यापर्यंत आणि मग वसईपर्यंत पोचली. त्यामुळे मला ही भिंत परक्यांची गोष्ट म्हणून पाहता येईना. चित्रात जेत्यांचा थाट आहे. जिंकलेल्यांची बाजू आपल्या किनाऱ्यावरचे किल्ले आणि गावं सांगतात.

नदीकडे उतरताना जागोजागी कुंड्या मांडलेल्या दिसतात. त्यांत चेंडूसारखं गोल, बारीक पानांचं झुडूप, कागदी फूल आणि चार ओळींच्या कवितेची चिमुकली पताका. हे मांजेरिकू, आपल्या तुळशीचं भावंड. साव जुआंव, म्हणजे संत जॉन यांच्या सणाला ते आप्तांना देतात. कुंड्या विकणाऱ्या आजींनी वास घ्यायची रीत दाखवली: तळवा पानांवरून अलगद फिरवायचा आणि मग तळवाच हुंगायचा. नाक थेट झाडाला लावलं तर ते कोमेजतं, अशी समजूत आहे.

रिबेरा हा शहराचा जुना नदीकाठ. अरुंद, उंच, रंगीत घरं एकमेकांना खेटून उभी आहेत. तिथल्या एका भिंतीवर काशाचं शिल्प आहे आणि त्याच्यापुढे मेणबत्त्या. २९ मार्च १८०९ रोजी नेपोलियनचं सैन्य शहरात घुसलं. जीव वाचवायला लोक होड्यांच्या पुलाकडे धावले, पूल खचला आणि असंख्य माणसं दोरूत बुडाली. सणाच्या गर्दीतही कुणी ना कुणी इथं थांबून मेणबत्ती लावत होतं.

त्याच जागेजवळ आता लुईस पहिला याच्या नावाचा लोखंडी पूल आहे. आयफेलचे पूर्वीचे भागीदार तेओफिल सेरिग यांनी त्याचा आराखडा केला आणि १८८६ मध्ये तो खुला झाला. वरच्या मजल्यावर मेट्रो आणि पादचारी शेजारी-शेजारी जातात. पलीकडच्या गाया शहरात पोर्ट वाइनची कोठारं आहेत आणि काठाला राबेलू होड्या. वरच्या डोंगराळ खोऱ्यातली पिंपं एके काळी याच सपाट तळाच्या होड्या खळाळातून खाली आणत. उद्या, २४ तारखेला, त्यांची शर्यत.

संध्याकाळ झाली तशा घराघरापुढे शेगड्या पेटल्या. तारलीसारख्या सार्डिन निखाऱ्यावर भाजून पावावर ठेवायच्या, तेल पावात मुरू द्यायचं आणि उभ्या उभ्या खायच्या. मग हातोड्या निघाल्या! प्लॅस्टिकच्या, चीं-चीं वाजणाऱ्या. वाटेत भेटेल त्याच्या डोक्यावर टपली मारायची आणि हसत पुढे जायचं. १९६३ मध्ये आलेल्या या हातोड्यांआधी लसणाच्या जातीच्या लांब दांड्यांची फुलं माथ्याला लावत. काही वयस्कर मंडळी अजून तीच घेऊन निघतात. एका चिमुरडीनं बाबांच्या खांद्यावरून मला टपली दिली तेव्हा मी मुद्दाम वाकून दुसरीसाठी डोकं पुढे केलं. मध्यरात्री नदीवर आतषबाजी झाली आणि दोन्ही काठ एकच आवाज होऊन ओरडले.

गोव्यातही २४ जूनला सांजाव असतो. फुलापानांची कोपेलं डोक्यावर घालून, घुमटाच्या तालावर पोरं विहिरींत आणि ओढ्यांत उड्या घेतात. तिथं पहिला पाऊस, इथं उन्हाळ्याची छोटी रात्र. संत एक, पण प्रत्येक मातीनं त्याला आपल्या ऋतूत बसवलं.

गंमत म्हणजे संत जॉन पोर्तोचे अधिकृत रक्षक संत नाहीत. १९११ मध्ये, नव्या प्रजासत्ताकात, शहराची सुट्टी कोणत्या दिवशी असावी यावर इथल्या एका वृत्तपत्रानं वाचकांचा कौल घेतला आणि लोकांनी २४ जून निवडला. राजे, सरदार, आरमारं यांचा इतिहास स्थानकाच्या भिंतीवर आहेच. पण पोर्तो ओळखायचं असेल तर लोकांनी स्वतः निवडलेल्या या रात्री यावं, आणि आपलंही डोकं पुढे करावं.